बर्फातलं बेअरिंग

“पाठी बघ, बर्फाच्या पाठी. आनि दार उघडा टाकून पुतळ्यासारखी उभी राहू नको,” गॅसपाशी वाटण परतता परतता मसूदा म्हणाली.

नाझिशने फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात कोपरापर्यंत हात घातला. सुरमईच्या तुकड्यांची पिशवी बोटांना लागली, तिच्यामागे मटारची, आणि मटारच्या मागे काहीतरी लहान, गोल आणि जड. ओढून काढलं तर वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी, वर प्लॅस्टिकची पिशवी, आणि कागदावर निळ्या मार्करने अब्बाचं ठसठशीत अक्षर: ‘शिरीष साहेब. पायलट. ४ तारीख.’

तिला हसू आलं. लोकांच्या फ्रीजरमध्ये आइस्क्रीम निघतं, यांच्याकडे पायलट निघतो.

हा पायलट म्हणजे पायलट बेअरिंग. हाताच्या मुठीत मावेल एवढं पोलादी कडं. इंजिनाच्या मागच्या टोकाला एक भोक असतं, त्यात ते बसतं, आणि गिअरबॉक्सच्या दांड्याचं नाक त्या कड्यात फिरतं. ऑटोमॅटिक गाडीत त्याची गरज नसते, म्हणून ते भोक रिकामंच असतं. पण ऑटोमॅटिक काढून हाताचा गिअर बसवायचा असेल तर पहिल्यांदा हे कडं, मग बाकीचं सगळं. हे सगळं नाझिशला तोंडपाठ होतं, कारण गेले तीन आठवडे घरात दुसरा विषयच नव्हता.

बेअरिंग बसवायच्या आदल्या दिवशी ते फ्रीजरमध्ये टाकायचं, ही अब्बाची, म्हणजे हारून पेवेकरची, जुनी रीत. गारठलं की पोलाद अंग चोरतं आणि न कुरकुरता भोकात शिरतं. सकाळी चहाच्या थर्मासात बर्फ भरायचा, त्यात ते बेअरिंग ठेवायचं आणि बहरीनमधल्या बुसैतीनच्या घरून सलमाबादच्या गॅरेजात न्यायचं. बाकीचे मेकॅनिक हातोडी मारतात, हारून थर्मास उघडतो, असं सगळ्या सलमाबादेत म्हणत. त्या थर्मासातला चहा पिऊन पाहुण्यांनी तोंडं वाकडी केल्याचे किस्से घरात वेगळेच होते.

“अम्मी, अब्बाचं एक पायलट एक्स्ट्रा राहिलंय बघ. तुझ्या सुरमईला ग्रीस लागलं तर मला नको सांगूस.”

मसूदाचा हात कालथ्यावर थांबला.

नाझिशने मटारची पिशवी बाजूला केली. तिच्याखाली दुसरी पुडी होती. ‘शिरीष साहेब. पायलट. ६ तारीख.’ आणि अगदी कोपऱ्यात, बर्फाला चिकटून बसलेली तिसरी. ती सुटेना, म्हणून तिने चमच्याने खरवडून काढली. ‘शिरीष साहेब. पायलट. ७ तारीख.’

तिन्ही पुड्या तिने ओट्यावर ओळीने मांडल्या. आज नऊ तारीख, शुक्रवार. गाडी काल संध्याकाळी तयार झाली होती. गिअरबॉक्स चढला, प्रॉपेलर शाफ्ट जोडला, तेल भरलं, आणि अब्बा घरी येऊन दोन ताटं जेवला होता. म्हणजे तीन बेअरिंगं इथे, मग गाडीत कुठलं?

“अम्मी, अब्बाने चार आणली होती का?”

“नाय.”

“तुला काय माहीत?”

मसूदाने गॅस बंद केला. आत, न्हाणीच्या बंद दाराआड अब्बा गुणगुणत दाढी करत होता. तिने आवाज अगदी खाली आणला. “बुधवारी तिसरा आनलान तवा मी बोल्ले, अवो, दोन हायत की आतमदे. तर माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायला. बोल्ला, कुठले दोन? मी दाखवायला गेले तर चिडला. मग मी गप बसले. मना वाटला, ज्याची गिनती त्याला ठावूक.”

नाझिशने फ्रीजरचं दार लावून घेतलं.

“म्हणजे तो विसरला? तीनदा?”

“पाच महिने झाले गं बाय.” मसूदा पदराने हात पुसत राहिली, पुसून झाले तरी पुसत राहिली. “चावी पिठाच्या डब्यात घावली. मागच्या महिन्यात मुहर्रकच्या जुन्या घरी जाऊन बेल मारलान. तिथं आता एक फिलिपिनो बाय ऱ्हाते, तिनंच फोन केला मना. येताना वाटेत खबूसच्या रोट्या घेऊन आला नि मना सांगतो, आज ट्राफिक फार होता.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस.”

“तुला सांगून काय करू? तू शाळेत भाषन करशील त्याच्यावर.”

हा टोमणा मारून मसूदा स्वतःच रडवेली झाली. नाझिशला मात्र राग यायलाही सवड नव्हती, कारण टोमणा खरा होता. ही सगळी भानगड तिच्या भाषणातूनच निघाली होती.

गेल्या वर्षापर्यंत ती वर्गात सांगायची, माझे वडील ऑटोमोबाइलमध्ये आहेत. बस, एवढंच. ऐकणाऱ्याने शोरूम समजावं की ऑफिस, ज्याची त्याची मर्जी. मग अकरावीत आल्यावर तिला आंतरशालेय वक्तृत्वात पहिलं बक्षीस मिळालं आणि नाझिश पेवेकर नावाच्या मुलीला एकदम कंठ फुटला. कॉरिडॉरमधून चालली तरी कळायचं की कुणीतरी चाललंय. त्याच दिवसांत तिची मैत्रीण आर्या डबा खाताना कुरकुरली की तिच्या बाबांच्या जुन्या डिझेल पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला, पार्ट मिळत नाहीत, मोठ्या वर्कशॉपने सांगितलं की गाडी भंगारात द्या, आणि बाबा तर त्या गाडीला भंगार म्हटलं की जेवत नाहीत. तेव्हा नाझिश बाकावर हात आपटून म्हणाली होती, “माय फादर इज अ मेकॅनिक. गिअरबॉक्स मेकॅनिक. तुझ्या बाबांना सांग, ऑटोमॅटिक फेकून द्या, माझे अब्बा मॅन्युअल बसवून देतील. डोळे बांधले तरी देतील.”

मेकॅनिक हा शब्द तिने आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत मान वर करून उच्चारला होता. म्हणून आज दुपारी आर्याचे बाबा, शिरीष अंकल, अमवाजहून येणार होते, सलमाबादेत गाडी ताब्यात घेणार होते, इथे येऊन मसूदाला आणि जेवणाच्या डब्यांना उचलणार होते, आणि सगळे मिळून साखीरच्या वाळवंटात तंबूवर जाणार होते. आर्याची आई लीना सकाळीच पुढे गेली होती. मसूदाने सांदणं करून ठेवली होती.

“शिरीष अंकलना मीच काहीतरी सांगते,” नाझिश म्हणाली. “गाडी आज देत नाही म्हणून.”

“सांग. पन त्याला नको सांगू. आतापरेंत त्याला म्हाइत नाय, बाय. आपन कायतरी इसरतो हेच त्याला म्हाइत नाय. तुझ्या तोंडानं त्याला कळला तर...”

पण गाडी आज द्यायची नाही, हे अब्बाला न कळता कसं जमायचं? नाझिशने मनातल्या मनात सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. वक्तृत्वात विरुद्ध बाजूचेही मुद्दे काढावे लागतात, ती सवय होती. न सांगावं तर बेअरिंगशिवायचा गिअरबॉक्स वाळूत नाहीतर हायवेवर दगा देणार, आत माणसं बसलेली असणार, आणि एकोणतीस वर्षांचं हारून पेवेकर हे नाव एका दुपारीत मातीला मिळणार. सांगावं तर अब्बाला कळणार. तिसरा मुद्दा सापडत नव्हता.

तिने कपाटावरचा थर्मास काढला, त्यात बर्फ भरला आणि चार तारखेची पुडी आत ठेवून झाकण घट्ट फिरवलं.

“चला मॅडम, यल्ला,” अब्बा न्हाणीतून बाहेर आला. गालाला साबण तसाच होता. “थर्मास कशाला? चाय मिळते तिकडं.”

“असू दे, अब्बा.”

“तुझ्या अम्मीची चाय नको रे बाबा. बेअरिंगचा वास येतो तिला,” असं म्हणून तो एवढ्या मोकळेपणाने हसला की मसूदा तोंड फिरवून आत गेली.

शुक्रवारच्या सकाळी रस्ते रिकामे होते. अब्बा एका हाताने स्टिअरिंग धरून बोलत होता. शिरीष साहेब माणूस भला, इंजिनिअर असून प्रश्न विचारतो. स्क्रॅपमधून आणलेला गिअरबॉक्स कसा मऊ लोण्यासारखा आहे. साहेबाला क्लचचा पाय सवयीचा नाही, पहिले चार दिवस गाडी उड्या मारील, तर हसायचं नाही. बोलता बोलता राउंडअबाउट आला. अब्बाने एक फेरी मारली, सलमाबादचा फाटा सोडला आणि दुसरी फेरी घेतली.

नाझिश लहान असताना तो तिला हसवायला अशा दोन-दोन फेऱ्या मारायचा. ती खिदळायची आणि तो म्हणायचा, बघ, उंबराला प्रदक्षिणा. गेल्या काही महिन्यांत तो पुन्हा तसं करायला लागला होता. तिला वाटलं होतं, अब्बा आपल्याला अजून लहान समजतो. तिने दोनदा त्यावरून त्याला चिडवलंही होतं.

आज तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो हसवत नव्हता. तो पाट्या वाचत होता.

“अब्बा, ही. ही एक्झिट,” ती शक्य तितक्या सहज म्हणाली.

“म्हाइत हाय गं, मना नको शिकवू,” तो म्हणाला आणि वळला.

गॅरेज बंद होतं. मालक शुक्रवारी येत नसे, पण किल्ली हारूनकडे असे. त्याने शटर वर ढकललं. आत शिरीष अंकलची पिकअप उभी होती, अठ्ठावीस वर्षांची, डबल केबिन, रंग उडालेला पांढरा. अब्बाने तिच्या बॉनेटवर थाप मारली, मग दरवाजा उघडून मान झुकवली. “बस. पहिला क्लच तू दाब. तूच आनलीस ही गाडी माझ्याकडं.”

दुसऱ्या कुठल्याही दिवशी नाझिशने या क्षणाचे दहा फोटो काढले असते. ती मुकाट्याने चढली. खाली तीन पेडलं होती, जिथे आधी दोनच होती. मधल्या जमिनीत अब्बाने स्वतः कापलेलं भोक, त्यावर रबराची टोपी, आणि त्यातून वर आलेला गिअरचा दांडा. त्याचा काळा गुळगुळीत गोळा अब्बाने कुठूनसा शोधून आणून घासून चकचकीत केला होता.

तिने किल्ली फिरवली. डिझेल इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं.

“दाब आता. पूर्न.”

तिने डावा पाय पूर्ण दाबला. खालून आवाज आला. फार मोठा नव्हता. जात्यात खडा सापडावा तसा, गुरगुरणारा. पाय सोडला की थांबे, दाबला की परत.

“पहिला टाक.”

पहिला गिअर पडेना. दांडा तिच्या हातात थरथरला आणि आतून दात दातांवर घासल्याचं तिला मनगटापर्यंत कळलं. अब्बाने हात वर केला. तिने इंजिन बंद केलं.

अब्बाचा चेहरा बदलला होता. त्याने एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, जमिनीवर पुठ्ठा टाकला, गाडीखाली सरकला. “चालू कर. दाब. सोड. दाब.” स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला आणि मूठ कानाला लावून तो ऐकत राहिला. या एका स्क्रूड्रायव्हरने त्याने अर्ध्या बहरीनच्या गाड्यांची दुखणी ओळखली होती. नाझिशने लहानपणापासून पाहिलं होतं, तो दहा मोजायच्या आत बाहेर येई आणि दुखण्याचं नाव सांगे.

दहा झाले. शंभर झाले असतील.

“रिलीज बेअरिंग नवा टाकला,” तो खालून स्वतःशीच बोलत होता. “फोर्कला ग्रीस लावला. प्लेट उलटी नाय. तेल बरोबर हाय. मग हा बोलतो काय?” थोड्या वेळाने परत, “रिलीज बेअरिंग नवा टाकला. फोर्कला ग्रीस...” सगळ्यांची नावं घेऊन झाली, पुन्हा पहिल्यापासून घेऊन झाली. एकाचं नाव त्याच्या तोंडात येत नव्हतं. ज्याचं नाव तो तीन वेळा निळ्या मार्करने लिहून बसला होता, त्याचंच.

नाझिशला ते ऐकवेना. तिने इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि थर्मास घेऊन पुठ्ठ्याशेजारी उकिडवी बसली.

“अब्बा, बाहेर ये.”

तो सरकत बाहेर आला. कपाळाला काळं लागलं होतं. तिने झाकण फिरवून थर्मास त्याच्या हातात दिला. तिला वाटलं होतं आपण काहीतरी बोलू, निदान सुरुवात तरी करू. वक्तृत्वात पहिल्या आलेल्या पोरीला एक शब्द सुचला नाही.

त्याने बर्फात बोटं घातली आणि पुडी काढली. वाचली. कागद सोडवला. कडं तळहातावर घेतलं. त्यावरून पाण्याचा ओघळ मनगटावर गेला, तरी तो बघतच राहिला.

“अक्षर माझा हाय,” तो म्हणाला.

“हो.”

“चार तारीख.” त्याने बोटांवर काहीतरी मोजलं. मग मान वर न करता विचारलं, “हा एकलाच?”

खोटं बोलायला एक श्वास पुरला असता. नाझिशने तो घेतलाही. पण अब्बा तिच्याकडे बघत नव्हता, तो त्या कड्यातून आरपार जमिनीकडे बघत होता, आणि त्याला उत्तर आधीच कळलं आहे असं तिला वाटलं.

“अजून दोन आहेत. सहाचं आणि सातचं.”

हारून पेवेकर तेलाच्या पालथ्या डब्यावर बसला. हातोडी न मारणारा माणूस. मंडणगड तालुक्यातल्या पेव्याच्या मराठी शाळेत सातवी झालेला, अठ्ठाविसाव्या वर्षी एका पेटीनिशी इथे उतरलेला, ज्याने एवढ्या वर्षांत एकाही गाडीचा गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवला नव्हता. त्याचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. घरात कुणी गेल्याचा फोन आल्यावर माणूस असाच बसतो, हे नाझिशने एकदा पाहिलं होतं, दादी गेली तेव्हा.

“मुहर्रकची ती बेल,” तो म्हणाला. “मना वाटला, सपान पडला होता.”

“अब्बा.”

“तुझ्या अम्मीला म्हाइत हाय?”

नाझिशने हो म्हणून मान हलवली.

“म्हनून ती हल्ली माझ्याशी भांडत नाय,” तो म्हणाला.

बाहेर हॉर्न वाजला. शिरीष अंकल ठरल्या वेळेच्या आधीच आले होते, टॅक्सीने. अंगात इस्त्रीचा निळा शर्ट, हातात पेढ्यांचा बॉक्स आणि मागे कानात इअरफोन घातलेली आर्या. नाझिश धावतच शटरपाशी गेली. आता मात्र शब्द सुचले, भराभरा सुचले.

“अंकल, सॉरी, एक प्रॉब्लेम झालाय. पार्ट चुकीचा आला. म्हणजे दुकानदारानेच चुकीचा दिला, नंबर वेगळा होता, त्यामुळे आज—”

“पार्ट बरोबर होता, साहेब.”

अब्बा तिच्या मागे येऊन उभा होता. कडं त्याच्या हातातच होतं.

“दुकानदारानं बरोबर दिला. तीनदा दिला. मी बसवलाच नाय. इसरलो.”

शिरीष अंकल आधी हसले. मूळ पुण्याच्या त्या माणसाला वाटलं असावं, ही काहीतरी कोकणी थट्टा. मग ते इंजिनिअर असल्यामुळे त्यांनी हातातल्या कड्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि त्यांचं हसू उतरलं.

“पायलट बेअरिंगशिवाय बॉक्स चढवलाय? हारूनभाई, तुम्ही?”

“मीच.”

“अहो, तुम्हीच तर मला वहीत चित्र काढून सांगितलंत. पहिलं हे, मग बाकीचं.”

“हा. ते सांगितला ते ध्यानात हाय.”

आर्याने इअरफोन काढले. “पण नाझ, यू सेड ही कॅन डू इट ब्लाइंडफोल्डेड,” ती म्हणाली. टोचून बोलायचा तिचा स्वभाव नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. नाझिशला वाटलं, त्या वाक्यासाठी बाकावर आपटलेला हात आत्ता कुणीतरी कापून न्यावा.

“असं करू,” शिरीष अंकल सावरून म्हणाले. “आज राहू द्या. सुट्टीचा दिवस आहे, तुम्ही दमलेले दिसता. लीनाला मी फोन करतो. उद्या-परवा सावकाश करा. मला काही घाई नाही.”

“नाय साहेब, आजच. उद्याचा भरवसा मी तुम्हाला देत नाय.” अब्बाने हे इतक्या साधेपणाने सांगितलं की शिरीष अंकलना त्याचा अर्थ कळायला वेळ लागला. “आज ध्यानात हाय, तर आज करून घेतो. चार तास द्या. मधी जुम्म्याला जाऊन येतो. तुम्ही बाहेर बसा, हितं कपडे खराब होतील.”

शिरीष अंकलनी पेढ्यांचा बॉक्स टायरवर ठेवला आणि शर्टाच्या बाह्या दुमडायला सुरुवात केली.

अब्बा गाडीखाली गेला आणि मग नाझिशला दुसऱ्यांदा धक्का बसला. त्याच्या हातांना काहीच झालं नव्हतं. पाना न बघता हवा तो उचलला जात होता. दहाचा बोल्ट कुठे, चौदाचा कुठे, कुठला उलट्या बाजूने आधी ढिला करायचा, हातांना सगळं ठाऊक होतं. प्रॉपेलर शाफ्ट उतरला. खालचा आडवा पाट निघाला. शिरीष अंकल जॅकचं हँडल फिरवत होते आणि अब्बा त्यांना “हळू, हळू, जावई हाय तो, खाली घेताना मान राखा,” म्हणून दटावत होता. अंकलच्या निळ्या शर्टाचा तासाभरात पोछा झाला. आर्या मोबाइलचा टॉर्च धरून उभी होती आणि हात अवघडला तरी तो खाली घेत नव्हती.

नमाजला जाऊन आल्यावर अब्बाने बेअरिंग बसवलं. थर्मासात अजून बर्फ होता. कडं पुसलं, कडेला ग्रीसचं बोट फिरवलं, भोकाशी नेलं आणि अंगठ्याने दाबलं. ते निमूट आत गेलं. घरी कुलूप लागताना होतो तेवढाही आवाज झाला नाही.

“बसला?” त्याने विचारलं.

“बसला,” नाझिश म्हणाली.

“तू बघितलास?”

“बघितलं, अब्बा.”

“बोट लावून बघ.”

तिने बोट लावून पाहिलं. गार होतं.

गिअरबॉक्स परत चढला. नऊ बोल्ट आवळायचे होते. दुसरे मेकॅनिक आवळलेल्या बोल्टवर रंगाची खूण करतात, कुठला झाला आणि कुठला राहिला हे कळावं म्हणून. अब्बा आयुष्यभर त्यांना हसत आला होता. खुना नवशिक्यांना लागतात, म्हणायचा. पहिला बोल्ट आवळून झाला आणि त्याने गाडीखालून हात बाहेर काढला.

“तुझी ती नखांची बाटली हाय काय?”

नाझिशच्या बॅगेत जांभळ्या नेलपॉलिशची बाटली कायम असे. नखं रंगली की नमाजाआधीचं वजू होत नाही म्हणून मसूदा ती दिसली की लपवायची आणि नाझिश शोधून परत बॅगेत टाकायची. अब्बाने तिच्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. तिने झाकण उघडून बाटली त्याच्या हातात ठेवली.

“नाय, तू ये. मी आवळतो, तू टिकली लाव. नि मोठ्यानं मोज.”

ती पुठ्ठ्यावर त्याच्या शेजारी आडवी झाली. वर्गात कोणालाही ऐकू जाणारा तिचा आवाज त्या गाडीखाली फार बारीक निघाला. एक. पाना कट्ट वाजला, तिने ब्रश टेकवला. दोन. तीन. चारला अब्बा थांबला आणि म्हणाला, “हा झाला ना?” तिने जांभळा ठिपका दाखवला. “हा, झाला,” म्हणत तो पुढच्याकडे वळला. पाच. सहा. ठिपका लावताना तिचा हात हलला आणि एक थेंब त्याच्या अंगठ्याच्या नखावर पडला. तिने पुसायला बोट नेलं.

“ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “मोज.”

नऊ झाले.

दुपार कलल्यावर त्यांनी गाडी सुरू केली. नाझिशने क्लच दाबला. खालून काहीही ऐकू आलं नाही. पहिला गिअर सुरीने केक कापावा तसा पडला. शिरीष अंकलनी आत डोकं घालून ऐकलं, दोनदा ऐकलं, आणि एक अख्खा पेढा अब्बाच्या तोंडात कोंबला. अब्बाने तो चावायला फार वेळ घेतला.

“चला हारूनभाई, तुम्ही पुढे व्हा तुमच्या गाडीने, आम्ही मागून येतो. वहिनींना घेऊ आणि निघू. लीना तंबूत वाट बघून कावली असेल.”

अब्बाने शटर खाली ओढलं, कुलूप लावलं. मग खिशातून स्वतःच्या गाडीची किल्ली काढली, क्षणभर हातात धरली आणि नाझिशच्या बॅगेची चेन उघडून आत टाकली.

“माझी गाडी ऱ्हाऊ दे हितंच,” तो म्हणाला. “मी तुमच्या बाजूला बसतो.”

शिरीष अंकलनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांनी त्याच्यासाठी दरवाजा उघडून धरला. मेकॅनिकसाठी कुणी दरवाजा धरलेला नाझिशने आजवर पाहिला नव्हता.

गाडी पहिल्यांदा दोन उड्या मारून बंद पडली. कुणी हसलं नाही. दुसऱ्यांदा निघाली. मागच्या सीटवर आर्याने आपला एक इअरफोन नाझिशच्या हातात दिला, नाझिशने तो तसाच मुठीत धरून ठेवला. राउंडअबाउट आला, अंकलनी एकच फेरी घेतली आणि बुसैतीनचा रस्ता धरला. अब्बा समोर बघत होता. ग्रीसच्या काळ्या हातांत त्याचा तो एक जांभळा अंगठा मांडीवर ठेवलेला.

तेवढ्यात नाझिशचं लक्ष खाली गेलं. अब्बाच्या पुढ्यात पेडल नव्हतं, नुसती रबराची चटई होती. पण रस्ता मोकळा होऊन इंजिनाचा सूर चढला की त्याचा डावा पाय चटईवर दाबला जाई आणि हलकेच सुटे. मग अंकलना आठवे, ते क्लच दाबत आणि गिअर बदलत. दुसरा पडला, तिसरा पडला. सिग्नलला वेग उतरला तसे परत उलटे. दर वेळी अब्बाचा पाय अंकलच्या पायाच्या अर्धा क्षण आधी खाली जात होता, आणि एकदाही चुकत नव्हता.